हात पुढं आले नाहीत

घर सोलापूर रस्त्याला लागून. मागं ऊस, पुढं तेलाच्या डेपोकडं जाणाऱ्या टँकरची ये-जा. आबांनी थेऊरच्या यशवंत साखर कारखान्यात बॉयलरवर उमेदीची वर्षं काढली आणि कारखाना बंद पडला तसे ते शेतीवर आले. थोरला टँकर चालवतो, धाकटी लेक उरुळी कांचनला दिलेली. माणसं कल्पनेतली आहेत, हे आधीच सांगून ठेवतो. लोणी काळभोर खरं, आजार खरा आणि तपासणीही खरी.

आबांच्या बायकोला, अक्कांना, चाळिशी ओलांडताना शुगर निघाली. बांधा किरकोळ, माहेरी कुणाला हा आजार नाही. "कारखान्याच्या पगारावर पोसलेलं घर, साखर निघायचीच," अशी चेष्टा झाली आणि गोळ्या सुरू झाल्या. शुगर उतरेना, म्हणून डोस वाढला. तरीही उतरेना, वजन मात्र उतरत गेलं. आबांचा निकाल तयारच होता : "चोरून गूळ खाती." गुळाचा डबा वरच्या फळीवर गेला. आकडा तेवढाच. मग डबा कपाटात गेला आणि कपाटाची किल्ली आबांच्या करगोट्याला. आकडा त्यानंतरही तेवढाच राहिला, पण याचा अर्थ काय, हा प्रश्न घरात कुणाला पडला नाही.

डॉक्टरांनी इन्सुलिन लावलं. लगेच एक पाहुणे येऊन सांगून गेले की त्याची सवय लागते, एकदा घेतलं की सुटत नाही. आबांनी बंद करायला लावलं. काही दिवसांत अक्कांना उलट्या सुरू झाल्या, श्वास लागला आणि रात्रीतून पुण्याला न्यावं लागलं. रक्तात आम्ल साठलं होतं. जीव वाचला, इन्सुलिन परत सुरू झालं. आबा म्हणाले, "काहीतरी खाल्लं असंल."

त्यानंतर कंबर धरली. आधी नुसती आखडायची, मग पाठ मागं वाकून ताठ राहायला लागली. रस्ता ओलांडायचा म्हटलं की अक्का कडेला उभ्या राहायच्या आणि पाऊल उचलायचं नाही. हॉर्न वाजला की पाय जागच्या जागी ताठ. थोरला दारात टँकर लावताना गंमत म्हणून हॉर्न मारायचा आणि आत भांडं पडल्याचा आवाज यायचा. मालिश झाली, उतारा झाला, लिंबू-मिरच्या झाल्या. एमआरआय काढला, तो नॉर्मल आला. मग तर बोलायलाच नको!

घरच्यांकडं पुरावेही होते, आणि ते खोटे नव्हते. अक्का झोपल्या की अंग सैल पडायचं, म्हणजे जागेपणी मुद्दाम करते. आबा ओरडले की जास्त आखडायच्या, म्हणजे बोललं की नाटक सुरू. रस्ता ओलांडायच्या आधीच घाम फुटायचा, म्हणजे मनाचे खेळ. वैद्यकाच्या पुस्तकात या आजाराची म्हणून जी लक्षणं दिली आहेत, तीच या घरात सोंगाची लक्षणं ठरली होती.

तुकोबांची पालखी पुण्याहून निघाली की लोणी काळभोरला मुक्काम करते आणि दुसऱ्या दिवशी यवतला जाते. त्या दिवशी गावात कुणाचं दार बंद नसतं. अक्कांच्या दारात वारकऱ्यांना चहा होता. सून कप भरत होती, अक्का किटली घेऊन उभ्या. कुणीतरी पालखीच्या स्वागताला फटाक्यांची माळ लावली. पहिल्या आवाजाला अक्कांचं अंग ताठ झालं आणि त्या जशा उभ्या होत्या तशा तोंडावर गेल्या. किटली लांब गेली, कपाळ पायरीच्या कडेवर आपटलं.

"रोजचंच आहे हे," आबा म्हणाले. चारचौघांत लाज वाटून म्हणाले असतील.

चहाला थांबलेली एक म्हातारी वारकरीण, मराठवाड्यातली, अक्कांच्या कपाळावर पदराचं टोक दाबत होती. ती मान वर न करता बोलली, "दादा, पडतं माणूस तवा हात पुढं येतेत. हिचे आलेच न्हाईत. सोंग करणारं तोंड फोडून घेत नसतंय." चहा न घेताच ती दिंडीत गेली.

सुनेनं ते वाक्य धरून ठेवलं. पुढच्या आठवड्यात ती सासूला घेऊन पुण्याला मेंदूविकारांच्या डॉक्टरांकडं गेली. फाईल पुढं ठेवायच्या आधी तिनं तेच सांगितलं : पडताना हात पुढं येत नाहीत. डॉक्टरांनी एक हात अक्कांच्या पोटावर ठेवला, दुसरा पाठीवर. एरवी पाठीचे स्नायू आवळले की पोटाचे सैल पडतात. इथं दोन्हीकडं एकदमच घट्ट लागत होतं. मग त्यांनी विचारलं, "शुगर आहे? इन्सुलिन लवकर लागलं?" आणि रक्ताची एक तपासणी लिहून दिली, जीएडी-६५ अँटिबॉडी. साधा हातातून काढलेला रक्ताचा नमुना, उपाशी राहायचीही गरज नाही. फक्त लॅबवाला म्हणाला की रिपोर्टला काही दिवस लागतील.

"कंबरेचं दुखणं रक्तात कसं दिसंल?" रिपोर्ट घ्यायला आबा आले होते, त्यांनी विचारलं.

डॉक्टरांना आबांची नोकरी माहीत होती. "बॉयलरला जास्तीची वाफ सोडायचा व्हॉल्व्ह असतो ना? तो अडकला तर?" आबांना पुढचं सांगावं लागलं नाही. मेंदूत स्नायूंना सैल सोडायचा निरोप पोचवणारं एक रसायन असतं, त्याला गाबा म्हणतात. ते जीएडी नावाच्या विकराकडून तयार होतं. हेच विकर स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींतही असतं. शरीराची संरक्षण यंत्रणा चुकून त्याला परका समजली की त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी बनतात आणि त्या रक्तात सापडतात. म्हणून मधुमेह आणि ताठर अंग, वरवर एकमेकांशी संबंध नसलेली ही दोन दुखणी एकाच माणसात दिसू शकतात. आजाराचं नाव स्टिफ पर्सन सिंड्रोम. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या मर्श आणि वोल्टमन यांनी १९५६ मध्ये १४ रुग्णांवरून तो पहिल्यांदा मांडला. त्याचा जीएडीशी संबंध १९८८ मध्ये सोलिमेना आणि दे कामिल्ली यांनी दाखवला, आणि तोही ज्या रुग्णावरून दाखवला त्याला मधुमेह होताच. दहा लाखांत एखाद-दुसऱ्याला होणारा हा आजार बायकांत जास्त आढळतो. त्यातल्या कितीतरी जणी आधी मानसोपचारतज्ज्ञांकडं फिरून आलेल्या असतात. २०२२ च्या डिसेंबरात गायिका सेलीन डियॉन यांनी आपल्याला तो असल्याचं सांगितलं, तेव्हा जगाला नाव कळलं.

अक्कांच्या कागदावर लिहिलं होतं : मर्यादा १०, निकाल २००० पेक्षा जास्त. म्हणजे ते यंत्र जेवढं मोजू शकतं त्याच्याही वर. नुसत्या मधुमेहात आकडा सहसा एवढा चढत नाही. स्नायूंची विद्युत चाचणीही केली. स्वस्थ पडल्यावरही स्नायू काम करत असल्याचं तीत दिसलं.

उपचारात जादू झाली नाही. गाबाचा परिणाम वाढवणाऱ्या गोळ्या मिळाल्या आणि इन्सुलिन कायमचं ठरलं. गोळ्यांनी भागलं नाही तर शिरेतून देण्याचं इम्युनोग्लोब्युलिन आहे, पण ते महाग, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं. अक्का काठी घेऊन अंगणात चालायला लागल्या. थोरल्यानं दारात हॉर्न मारणं सोडलं. कपाटाचं कुलूपही निघालं. त्याबद्दल आबा काही बोलले नाहीत, अक्कांनीही काही विचारलं नाही. माफी मागायची पद्धत आपल्याकडं नवऱ्यांना कुणी शिकवलेली नाही.

इथं गोष्ट संपली असती, पण आबांना आता रक्ततपासणीचं वेड लागलं. ज्या माणसानं आकड्यांकडं कधी पाहिलं नव्हतं तो आकड्यांशिवाय बोलेना. शेजाऱ्याची कंबर धरली, जीएडी कर. भाच्याला मुंग्या येतात, जीएडी कर. हजारोंचा खर्च, पण आबा स्वतःच्या खिशातून द्यायला तयार. घरातल्या सगळ्यांचं रक्त त्यांनी लॅबमध्ये पोचवलं. सगळ्यांचं ठीक, उरुळीच्या लेकीचं १४.

त्या १४ नं घर हललं. लेकीनं भात सोडला. सासरी कुजबुज सुरू झाली की आईचा रोग पोरीत उतरला. आबा तिला रोज फोन करून विचारायचे, "पाय ताठ झाला का?" एक दिवस तिला खरंच पाय ताठल्यासारखा वाटायला लागला.

डॉक्टरांनी कागद पाहिला आणि बाजूला ठेवला. लेकीची शुगर तपासली, नॉर्मल. दुसऱ्या दोन अँटिबॉडी, आयए-२ आणि झिंक ट्रान्सपोर्टर-८, पाहिल्या. दोन्ही नाहीत. निरोगी माणसांतही शंभरात एखाद्याच्या रक्तात थोडी जीएडी अँटिबॉडी सापडते आणि त्यातल्या बहुतेकांना जन्मभर काही होत नाही. दोन किंवा जास्त प्रकारच्या सापडल्या तर गोष्ट निराळी, तिथं पुढं मधुमेह होण्याची शक्यता मोठी. लेकीला वर्षातून एकदा शुगर तपासायला सांगितली, एवढंच.

"पोरीला काय होतंय, हे तपासणीच्या आधी विचारलं होतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

आबा म्हणाले, "न्हाई."

"आणि अक्कांना?"

या प्रश्नाला आबांकडं उत्तर नव्हतं. बायकोला तपासणीविना दोषी ठरवलं, लेकीला तपासणीवरून आजारी ठरवलं, आणि दोन्ही वेळा जिला दुखतंय-खुपतंय तिला विचारायचं राहून गेलं, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. परतताना लोकलमध्ये त्यांनी लेकीला पहिल्यांदा विचारलं की तुला भात सोडून कसं वाटतंय. ती म्हणाली, "भूक लागती."

घरची मंडळी इतकी चुकली त्याला थोडं कारणही होतं. बारीक माणसाचा मधुमेह म्हणजे टाइप १, हा पाश्चात्त्य ठोकताळा आपल्याकडं चालत नाही. दिसायला बारीक पण अंगात चरबी, हे भारतीय शरीराचं वैशिष्ट्य पुण्यातल्याच केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्षानुवर्षांच्या अभ्यासातून दाखवलं. म्हणजे आपल्याकडं किरकोळ अंगाच्या माणसालाही टाइप २ होतो, आणि चाळिशीनंतरही कुणाला स्वतःच्याच संरक्षण यंत्रणेनं केलेला मधुमेह, म्हणजे टाइप १, होऊ शकतो. नुसतं बघून डॉक्टरलाही नेहमी सांगता येत नाही. अशा वेळी जीएडी अँटिबॉडी आणि शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतंय हे सांगणारी सी-पेप्टाइड, या दोन तपासण्या कामाला येतात.

तुमच्या घरात पथ्य पाळूनही शुगर न उतरणारं, गोळ्या वाढत असताना झिजत चाललेलं कुणी असेल, तर त्याच्या ताटावर पाळत ठेवण्याआधी डॉक्टरांना या दोन तपासण्यांबद्दल विचारा. तपासणी सगळ्या घराची करू नका. आणि इन्सुलिन चालू असेल, तर कुठल्याही पाहुण्याच्या सांगण्यावरून ते एक दिवसही बंद करू नका.