राखेचा कर्ता

काही वर्षांपूर्वी विदर्भातल्या एका औष्णिक वीजप्रकल्पाच्या विस्तारासाठी झालेल्या पर्यावरण अहवालाचा सारांश मी इंग्रजीतून मराठीत आणला. २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार जनसुनावणीआधी असा सारांश स्थानिक भाषेत द्यावाच लागतो. कवितांच्या अनुवादावर घर चालत नाही. अशा कामांवर चालतं.

त्यात एक वाक्य होतं : ‘राखेचा शंभर टक्के उपयोग केला जाईल आणि उरलेल्या राखेची शास्त्रीय पद्धतीने विल्हेवाट लावली जाईल.’ शंभर टक्के उपयोगानंतर उरणारी राख कुठली, हे मलाही खटकलं होतं. पण मुळात आहे ते मराठीत आणणं एवढंच माझं काम, असं म्हणून मी पुढच्या परिच्छेदाकडे वळले.

सुनावणीला कुतूहलापोटी गेले. एक वयस्क बाई उठल्या आणि म्हणाल्या, “सायेब, राखड नेईन कोन? अन् टाकीन कोठी?” उत्तर मिळालं, “शास्त्रीय पद्धतीने.” ते शब्द माझे होते. मान खाली गेली.

आपल्याकडच्या कोळशात साधारण तीस ते पंचेचाळीस टक्के राख असते. म्हणजे तीन गाड्या कोळसा जाळला की गाडीभर राख उरतेच. धुरातली बारीक राख यंत्रं पकडतात. त्यातली काही कोरडीच सिमेंटला, विटांना, रस्त्यांच्या भरावाला जाते; बरीचशी पाण्यात कालवून बंधाऱ्यात सोडली जाते. तिच्यात आर्सेनिक, पारा, शिसं यांचे अंश असतात. उन्हाळ्यात बंधारा सुकला की ती उडून वाळवणावर बसते. बंधारा फुटला तर काय होतं, हे एप्रिल २०२० मध्ये सिंगरौली भागातल्या सासनला दिसलं. राखेच्या लोंढ्यात माणसं वाहून गेली, त्यांत मुलंही होती. जुलै २०२२ मध्ये कोराडीजवळ खसाळ्याचा बंधारा फुटला.

कायद्याच्या भाषेत कर्ता आहे, हे मान्य केलं पाहिजे. ३१ डिसेंबर २०२१ ची अधिसूचना वीज केंद्रांना सांगते की राख पूर्ण वापरा, साठलेली जुनी राख दहा वर्षांत संपवा, नाहीतर टनामागे हजार रुपये भरा. पण सखल जमिनीत किंवा रिकाम्या खाणीत राख भरली तर तोही ‘उपयोग’ धरला जातो. कागदावर राख संपते. जागा तेवढी बदलते.

‘विल्हेस लावणं’ म्हणजे ज्याला त्याला आपापल्या जागी लावणं. ‘विल्हेवाट’ शब्दात तो नीटपणा अजून आहे. पण एखाद्याची ‘विल्हेवाट लावली’ असं आपण म्हणतो तेव्हा त्याला नाहीसं केलं असं म्हणायचं असतं. कंपनी पहिल्या अर्थाचं वचन देते आणि दुसऱ्या अर्थावर भागवते. राख मात्र नाहीशी होत नाही.

यावर एक उत्तर नेहमी मिळतं : वीज तर सगळेच वापरतात, मग जबाबदारीही सगळ्यांचीच. हे खोटं नाही. हा लेख मी पंख्याखाली बसून लिहिते आहे. राख नीट हाताळण्याचा खर्च माझ्या बिलात आला तर मी तक्रार करू नये, हा माझा वाटा. पण बंधाऱ्याची भिंत किती उंच आणि किती पक्की, हे माझ्या हाती नाही. ज्याच्या हाती निर्णय, त्याच्यावर जबाबदारीही अधिक. ‘आपण सगळेच जबाबदार’ हे वाक्य नम्र वाटतं, पण पुष्कळदा ते ‘विल्हेवाट लावली जाईल’चंच भावंड असतं. त्यातही नेमकं करणारं कुणी नसतं.

माझ्या हाती मात्र ते एक वाक्य होतं. मुळाशी इमान राखलं, हा माझा बचाव. पण तो मजकूर ज्यांच्यासाठी मराठीत आणला, त्यांच्याशी इमान राखायचं नव्हतं का? कर्ता मी माझ्या मनाने घालू शकत नव्हते; विचारू तरी शकत होते.

पुढच्या अशाच एका कामात मी विचारलं : कोण लावणार, कुठे? उत्तर आलं, “इंग्रजीत नाही ना? मग मराठीतही नको.” ते काम मी परत केलं. दुसऱ्या कुणीतरी ते केलं असेल. त्या बाईंचा प्रश्न तसाच उभा आहे, आणि तो इंग्रजीत नेणारं अजून कुणी भेटलेलं नाही.