गिरणीतलं विद्यापीठ

जैनाबादहून ताप्ती ओलांडली की बुऱ्हाणपूर. कॉलेजच्या वर्षांत मी रोज तिकडे जायचो, तेव्हा मोहल्ल्यामोहल्ल्यांतून पॉवरलूमची खडखड ऐकू येई. ताण्याचा धागा तुटला तर त्या घरांतल्या माणसांना नुसत्या आवाजावरून कळे. आमच्या वर्गात मात्र लूमचं नावही निघत नसे. शहराला जे येत होतं ते वर्गात शिकवलं जात नव्हतं, ही गोष्ट मला आजही सलते.

म्हणूनच पोर्तुगालमधलं कोव्हिल्या मला जवळचं वाटतं. सेरा दा एश्त्रेला पर्वताच्या उतारावरचं हे लोकरीचं शहर. डोंगरातून उतरणाऱ्या दोन ओढ्यांच्या काठाने तिथल्या गिरण्या वाढल्या. 1764 मध्ये कापडाचा शाही कारखानाही निघाला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकरीचा धंदा बसला, गिरण्यांना कुलपं लागली. त्याच काळात, 1973 मध्ये, सरकारने तिथे तंत्रशिक्षणाची संस्था मंजूर केली आणि तिच्या सुरुवातीच्या विषयांत वस्त्र अभियांत्रिकी होती. 1986 मध्ये तिचं बेइरा इंटिरियर विद्यापीठ झालं. जुन्या गिरण्यांच्या दगडी भिंतींआड वर्ग आणि प्रयोगशाळा आल्या. शाही कारखान्यातली कापड रंगवायची कुंडं जपून विद्यापीठाने तिथे लोकरीचं संग्रहालय केलं. पुढे वैद्यकीय शिक्षणही सुरू झालं. बाहेर पडणारी तरुण मुलं थोपवायची तर त्यांना शिकायला गावातच जागा हवी, एवढा साधा विचार त्यामागे दिसतो.

कोव्हिल्याची वस्ती अर्ध्या लाखाच्या आत आहे. बुऱ्हाणपूर शहरात 2011 च्या जनगणनेतच दोन लाखांवर माणसं होती. आणि इथे शिकण्यासारखं किती आहे! सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी भुयारातून, निव्वळ उताराच्या जोरावर शहरात आणणारा 1615 चा कुंडी भंडारा म्हणजे जलव्यवस्थापनाचा चालता धडा. मोगलकाळात इथलं कापड इराण-तुर्कस्तानापर्यंत जाई. आमच्या जैनाबादेत आहुखाना, म्हणजे मोगलकालीन हरिणबाग, आहे. 1631 मध्ये मुमताज महलचं पहिलं दफन इथेच झालं. पाणी, वस्त्र, इतिहास असे तीन विषय तर दाराशीच आहेत.

खरगोनला 2024 मध्ये क्रांतिसूर्य टंट्या भील विद्यापीठ आलं, याचा मला मनापासून आनंद आहे. खरगोन-बुऱ्हाणपूरच्या आमच्या निमाड भागातल्या मुलांना विद्यापीठ जवळ आलं. पण अंतर कमी होणं ही सुरुवात झाली. विद्यापीठ गावाचं होतं ते गावाच्या कामाला अभ्यासाचा मान मिळाल्यावर. बुऱ्हाणपूरची ताप्ती मिल 2020 च्या टाळेबंदीत थांबली. अशा बंद मिलचा विषय निघाला की बोलणं जमिनीच्या भावावर येतं. तिथे काय शिकवता येईल, हेही आपण विचारायला हवं. आणि ते आत्ताच, कारण शिकवू शकतील असे विणकर अजून आपल्यात आहेत.