शेजारच्या सीटवरचा माणूस

दसऱ्याला कोल्हापूरच्या दसरा चौकात राजाराम महाराजांची भगवी मेबॅक येते आणि लगेच मोबाइल वर होतात. याच जर्मन कंपनीचं विमानासाठी बनलेलं २३ लिटरचं इंजिन इंग्लंडमधल्या एका काउंटनं आपल्या रेसिंग कारमध्ये बसवलं आणि १९२१ मध्ये ती ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर पळवली. त्याचं नाव लुई झ्बोरोव्स्की.

१९०३ मध्ये नीसजवळच्या ला टुर्बी घाटातल्या शर्यतीत त्याचे वडील गेले, तेव्हा तो आठ वर्षांचा होता. सोळाव्या वर्षी आई गेली आणि अफाट इस्टेट हाती आली. पोटासाठी काही करायची गरज नव्हती. तो हौसेनं शर्यतीत उतरला. १९ ऑक्टोबर १९२४ ला मोंझा इथं त्याची मर्सिडीज झाडावर आदळली. तो २९ वर्षांचा होता.

स्वतःचा पैसा, स्वतःचा जीव. आपण कोण बोलणार? कोल्हापूरला तर अशी रग आवडतेच. पण त्या गाडीत दोघं होते.

तेव्हा ड्रायव्हरशेजारी मेकॅनिक बसायचा. मीटरवर लक्ष ठेवायचा, मागून कोण येतंय ते सांगायचा. झ्बोरोव्स्कीचा मेकॅनिक लेन मार्टिन वाचला. त्याआधी महिनाभर सान सेबास्तियनच्या शर्यतीत केनेल्म ली गिनेसची गाडी उलटली. गिनेस जबर जखमी झाला. त्याचा मेकॅनिक टॉम बॅरेट मेला. स्टिअरिंग त्याच्या हातात नव्हतं.

कुणी म्हणेल, त्यालाही वेगाची नशा असेलच की! असेल. गरिबानं धाडस केलं की ती नाइलाजानं केलेली नोकरी आणि श्रीमंतानं केलं की शौर्य, असं मानणं हाही अपमानच. म्हणून प्रश्न वेगळा विचारायला हवा: त्याला ‘हळू’ म्हणता येत होतं का? आणि म्हटलं असतं, तर पुढच्या शर्यतीत ती सीट त्याचीच राहिली असती का?

शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात दोन्ही पैलवान एकाच लाल मातीत उतरतात. मालक असो की चाकर, लांग चढवली की धोका सारखाच आणि हातही दोघांचे मोकळे. मोटारीत धोका दोघांना होता, पण ब्रेक एकाच्याच पायाखाली होता.

१९२५ पासून ग्रां प्री शर्यतींत मेकॅनिकला सोबत बसवणं बंद झालं. शर्यतीची मजा कमी झाली नाही. वळण किती वेगानं घ्यायचं ते ठरवणारा आणि त्याची किंमत मोजणारा आता एकच माणूस होता.

हायवेवर मात्र आपल्या मागे कुणीतरी बसलेलं असतं. ते ‘हळू घे’ म्हणालं की आपण त्याला घाबरट म्हणतो. मग पुढच्या वेळी ते गप्प बसतं. त्या गप्प बसण्याला आपण होकार समजतो.