न केल्याचा दोष

आषाढ सरत आला की रायगडच्या किनाऱ्यावर दोन ठिकाणी घासपूस सुरू होते. घरात दिव्यांची अवस असते. समया, निरांजनं, लामणदिवे माळ्यावरून खाली येतात, चिंचेने आणि राखेने घासून लख्ख होतात, पाटावर मांडले जातात आणि कणकेच्या गोड दिव्यांचा नैवेद्य त्यांना दाखवला जातो. त्याच दिवसांत थळ, वरसोली, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन अशा बंदरांवर शाकारलेल्या बोटींवरची झावळ्या-ताडपत्री निघते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेला सागराला नारळ देऊन बोटी बाहेर काढायच्या, तर त्याआधी लाकूड, जाळी, पंखा आणि इंजिन बघून घ्यावं लागतं.

इंजिनाच्या खणात दोन माणसं जेमतेम मावतात. तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, टाकीचा कॉक बंद करतो, फिल्टरच्या बुडाशी डबा धरतो आणि खालचा स्क्रू सैल करतो. आधी पाणी येतं, मग तपकिरी, शेवाळासारखा बुळबुळीत गाळ, आणि त्यानंतर स्वच्छ डिझेल. जुना फिल्टर निघतो. नव्याच्या रबरी वायसरला बोटाने डिझेल फासून तो हाताने घट्ट बसवला जातो. आता आत शिरलेली हवा काढायची. वरचा स्क्रू सैल ठेवून खलाशी हातपंप मारू लागतो.

“हवा निघाली का रे?”

“नाय तांडेल, अजून फेस येतोय.”

फेस थांबून डिझेलची सलग धार लागेपर्यंत पंप मारत राहायचा असतो. मध्येच कंटाळून स्क्रू आवळला तर इंजिन सुरू होतं, दोन मिनिटं चालतं आणि गचके खाऊन बंद पडतं.

हा गाळ येतो कुठून? अर्ध्या भरलेल्या टाकीतल्या दमट हवेचं पाणी टाकीच्या भिंतींवर धरतं आणि तळाशी जमतं. पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना टेकतात, त्या सीमेवर बुरशी आणि जिवाणू वाढतात. डिझेल हेच त्यांचं अन्न. त्यात जुन्या टाकीचा गंज मिसळतो. इंजिनाच्या पंपातले भाग एकमेकांत इतके नेमके बसवलेले असतात की मधली फट दोन-तीन मायक्रॉनची असते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. डोळ्यांना न दिसणारा कणही तिथे ओरखडा पाडतो, म्हणून वाटेत हा कागदी घड्यांचा पहारेकरी बसवलेला असतो.

एवढ्या खटाटोपाचं फळ काय, असं विचारलं तर उत्तर देणं अवघड आहे. नव्या फिल्टरमुळे जाळ्यात पापलेट जास्त येत नाही. फळ एवढंच की खांदेरीच्या बाहेर वारा वाढलेला असताना, खडक जवळ असताना, इंजिन चालू राहतं. जे घडलंच नाही त्याचे आभार कोणी मानत नाही. मग ज्या कामाचं सगळं फळ ‘काही न घडणं’ आहे, त्याचं मोल कशात मोजायचं? आणि ते केलं नाही, तर नुसतं न करणं हा दोष कसा ठरतो?

हा प्रश्न आपल्या परंपरेत फार जुना आहे. वेदातल्या कर्मांचा विचार करणाऱ्या पूर्वमीमांसेने कर्मांची वर्गवारी केली. काम्य कर्म इच्छेसाठी, जशी पुत्रासाठी इष्टी. नैमित्तिक कर्म प्रसंगाने येतं, जसं ग्रहणाचं स्नान. नित्य कर्म मात्र रोजचं, संध्यावंदन किंवा अग्निहोत्रासारखं. आहिताग्नीच्या, म्हणजे विधीने अग्नी स्थापलेल्या गृहस्थाच्या, घरी गार्हपत्य अग्नी जपायचा, सकाळ-संध्याकाळ आहुती द्यायची, आणि हे आयुष्यभर. मीमांसकांचं एक प्रसिद्ध मत असं की नित्य कर्म केल्याने वेगळं काही पदरात पडत नाही, पण न केल्याने प्रत्यवाय लागतो, म्हणजे दोष लागतो. फिल्टर बदलणाऱ्या माणसाला हे मत समजावून सांगावं लागणार नाही.

शंकराचार्यांनी मात्र यावर बोट ठेवलं. तैत्तिरीय उपनिषदावरच्या भाष्याच्या आरंभीच ते हा मुद्दा घेतात. न करणं म्हणजे अभाव. जे नाहीच, त्यातून पाप नावाची खरीखुरी गोष्ट कशी उपजेल? त्यांचं उत्तर असं की नित्य कर्म चुकणं हे आधीपासून साठलेल्या पापाचं लक्षण आहे. चुकण्यातून पाप जन्मत नाही, ते चुकण्यातून दिसतं.

वाद मोक्षाचा होता, तेलाच्या टाकीचा नव्हता. तरीही टाकीपाशी बसून तो वाचला की लख्ख उजेड पडतो. फिल्टर न बदलल्याने गाळाचा एक कणही नवा तयार होत नाही. गाळ टाकीत आधीपासून असतो, बंद पडलेलं इंजिन फक्त त्याची बातमी देतं. माणसाच्या बाबतीतही तसंच आहे. ‘पुढच्या फेरीला बघू’ म्हणणं वरून रिकामं दिसतं, पण त्याच्या तळाशी थकवा असतो, चार पैसे वाचवण्याची घाई असते, आजवर काही झालं नाही म्हणून आलेला निर्धास्तपणा असतो. कारणाच्या बाबतीत आचार्यांचं म्हणणं पटतं. कर्तव्याच्या बाबतीत मात्र मीमांसकांची बाजू भक्कम राहते, कारण बोटीवर तांडेलाबरोबर आणखी माणसं असतात, आणि साठलेला गाळ कोणाचा हे समुद्र विचारत नाही.

हेच तेल हजारो मैलांवरच्या मराठी घरांतही जळतं. अमेरिकेच्या ईशान्य भागात, बॉस्टनच्या आसपास, कितीतरी घरं अजून तेलाच्या भट्टीवर उबदार राहतात. तळघरात बहुधा २७५ गॅलनची, म्हणजे हजारएक लिटरची टाकी असते. त्यातलं तेल डिझेलचंच भावंड, करासाठी ओळखू यावं म्हणून लाल रंगवलेलं. कोकणात वाढलेल्या माणसाला तिथे पहिल्याच हिवाळ्यात नवं नित्यकर्म शिकावं लागतं. थंडी पडण्याआधी भट्टी तपासून घ्यायची, तेलाचा फिल्टर आणि नोझल बदलायचं. हे राहून गेलं तर जानेवारीत, नळातलं पाणी गोठवणाऱ्या रात्री, ज्योत धरत नाही. भट्टीवर पुन्हा सुरू करायचं एक बटण असतं. ते सारखं दाबत राहिलं तर न जळलेलं तेल आत साचतं आणि मग एकदम पेट घेतं. आधी चुकलेलं काम बटण दाबून भरून निघत नाही.

फळ न दिसणारं काम का आणि कसं करायचं, या प्रश्नावर रायगडच्याच एका माणसाने आयुष्य लावलं. पेण तालुक्यातल्या गागोद्याला ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे जन्मले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर जी प्रवचनं दिली, ती साने गुरुजींनी लिहून घेतली. त्यांत कर्म, विकर्म आणि अकर्म यांचा उलगडा आहे. हातांनी होणाऱ्या कर्माला मनाची साथ मिळाली, की कर्माचं ओझं उरत नाही. पुढे १९४६ पासून विनोबा पवनारजवळच्या सुरगावला रोज चालत जाऊन मैला साफ करू लागले. ते काम असं की आज केलं तरी उद्या पुन्हा तेवढंच समोर. शास्त्रातलं नित्य कर्म याहून वेगळं काय असतं?

इंजिनाला हार घालणं आणि इंजिनाचा फिल्टर बदलणं यांत एक श्रद्धा, दुसरी अक्कल, अशी वाटणी हल्ली सहज केली जाते. किनाऱ्यावरच्या रीतीत ती वाटणी नाही. अवसेला दिवा आधी घासतात, मग त्याला कुंकू लागतं. खंडेनवमीला हत्यार आधी पुसतात, मग त्यावर फूल चढतं. काजळी धरलेल्या दिव्यावर फूल वाहणाऱ्या पोरीला आजी आधी चिंच आणायला पिटाळते. देव प्रसन्न व्हावा म्हणून दिवा घासायचा की उजेड नीट पडावा म्हणून, हा प्रश्न तिला पडत नाही, कारण तिच्या हातांत ते एकच काम असतं.

बोटीवर फेस थांबला आहे. डिझेलची धार सलग लागते, खलाशी स्क्रू आवळतो, सांडलेलं डिझेल चिंधीने टिपून घेतो. इंजिन पहिल्या झटक्याला सुरू होतं आणि त्याचा ठोका एकसारखा होईपर्यंत दोघंही गप्प उभे राहतात. मग तांडेल काळा मार्कर काढतो, नव्या फिल्टरच्या पत्र्यावर आजची तारीख लिहितो आणि गाळाचा डबा जपून वर देतो. पौर्णिमेला अजून दहा दिवस आहेत, आणि टाकीचा तळ उद्या धुवायचा आहे.