गृहस्थाश्रमातील मौन

धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष ही चार पुरुषार्थांची नावे आपल्यापैकी बहुतेकांना बाळपणीच पाठ झाली. त्यांपैकी तिसऱ्याविषयी मात्र आपल्या घरांत कोणी कधी बोलले नाही. इंदूर-ग्वाल्हेरकडील मराठी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या कुळाचार जपले, भाषा जपली आणि त्यांच्याबरोबर हे मौनही जपले. त्यास मर्यादा म्हणावे की अन्याय, हा प्रश्न आम्हांस विचारार्ह वाटतो.

वात्स्यायनाचे कामसूत्र म्हणजे आसनांची जंत्री, असे समजणाऱ्यांनी त्यातील कन्याविस्रंभणाचे प्रकरण बहुधा वाचलेले नसते. विवाहानंतर पहिल्या तीन रात्री ब्रह्मचर्य पाळावे, वराने संभाषणाने व सौम्य वागणुकीने वधूचा विश्वास संपादन करावा, बळजबरी करू नये, असे तेथे सांगितले आहे. विश्वास मिळविण्यापूर्वीच जवळीक लादली, तर तिच्या मनात समागमाविषयी तिटकारा बसतो, हेही त्याने नोंदविले आहे. स्त्रीलाही कामसुख असते, हे त्या ग्रंथात गृहीतच आहे. आमच्या आज्यांच्या पिढीत कोणी ते गृहीत धरले असेल, असे वाटत नाही.

मराठीत हे निर्भयपणे मांडले ते र. धों. कर्वे यांनी. त्यांचे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक १९२७ साली सुरू झाले व १९५३ मध्ये त्यांच्या निधनापर्यंत चालले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना छापील उत्तरे दिल्याबद्दल १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, तरी कर्व्यांना दंड झालाच. दंड झाला तो उत्तरांना. प्रश्न मात्र घरोघर तसेच राहिले.

ते आजही आहेत, आणि साठीनंतर तर अधिकच. मधुमेहाने पुरुषाची शक्ती उणावते. रक्तदाबावरील व नैराश्यावरील काही औषधांनी इच्छा मंदावते. रजोनिवृत्तीनंतर कोरडेपणामुळे स्त्रीला वेदना होतात. यांतील बहुतेकांवर उपाय आहेत, परंतु डॉक्टरांपुढे शब्द फुटत नाही आणि भिंतींवरच्या जाहिरातींतील वैद्यांचे फावते. १९९८ पासून प्रचारात आलेल्या सुप्रसिद्ध गोळीने रक्तप्रवाह वाढतो, इच्छा उत्पन्न होत नाही. हृदयविकारासाठी नायट्रेट घेणाऱ्यास तर ती घातक ठरू शकते. पत्नीला वेदना होतात म्हणून ती टाळते आणि पती त्याचा अर्थ अनास्था असा लावतो, तेथे ती गोळी काय करणार?

आम्ही आयुष्यभर सरकारी नस्त्या हाताळल्या. ‘पाहिले’ एवढाच शेरा मारून कागद पुढे सरकवायचा, ही कचेरीतील जुनी रीत. कित्येकांचा संसारही या बाबतीत तसाच पार पडतो. तुला काय आवडते, काय नकोसे वाटते, हे चाळीस वर्षांत एकदाही विचारले जात नाही. विचारण्यात कसली अमर्यादा आहे, हे आम्हांस उमगलेले नाही. उत्तर नकारार्थी आले तर ते रोष न धरता ऐकावे लागेल, ही धास्तीच मर्यादेचे नाव घेऊन वावरत असावी. सुखात भर पडावी असे ज्यास वाटते, त्याला ती धास्ती आधी सोडावी लागेल. विशेषतः आम्हां पुरुषांना, कारण आजवर नकार गिळला तो बहुधा स्त्रियांनी.

नातवंडे झाली की आजी त्यांच्या खोलीत निजू लागते आणि आजोबांची खाट बैठकीत येते. पुष्कळ घरांत हे आपोआप घडते. उभयतांना तसेच हवे असेल तर आमचे काहीच म्हणणे नाही. परंतु ही व्यवस्था कोणी ठरविली, हे त्यांपैकी एकालाही सांगता येत नाही.