मास्तरांचा पासपोर्ट

थायलंडच्या शाळा मेच्या मध्याला उघडतात आणि पावसाळा लागला की एखाद्या गुरुवारी, बहुधा जूनमध्ये, 'वाय ख्रू' म्हणजे गुरुवंदना होते. शिक्षक ओळीने खुर्च्यांवर बसतात. मुले गुडघ्यांवर सरकत पुढे येतात, तबक देतात आणि वाकून नमस्कार करतात. त्या तबकात काय असते ते मराठी माणसाने जवळून पाहावे: वांग्याची फुले, एक्झोऱ्याचे तांबडे गुच्छ, लाह्या आणि चक्क दूर्वा! वांग्याचे फूल मान खाली घालून उमलते, तशी विद्यार्थ्याची नम्रता असावी. एक्झोऱ्याच्या कळीला सुईसारखे टोक, तशी बुद्धी. दूर्वा कितीही तुडवली तरी पसरत राहते, तशी विद्या. बँकॉकमध्ये येऊन जेमतेम महिना झालेल्या परदेशी शिक्षकापुढेही हेच तबक येते.

हा मान त्या दिवसापुरता नसतो. सकाळी फाटकाशी मुले हात जोडून आत शिरतात. आठ वाजता झेंडा चढतो, राष्ट्रगीत होते आणि वर्ग भरतात. नारिंगी जाकीट घातलेला मोटरसायकल टॅक्सीवाला आणि गल्लीच्या तोंडाशी चिकट भात नि भाजलेले मांस विकणारी बाईसुद्धा या परदेशी माणसाला शिक्षक म्हणून ओळखू लागतात. घरापासून हजारो मैलांवर राहणाऱ्या माणसाला या ओळखीने फार बळ मिळते.

कागदपत्रांच्या जगात मात्र तो कायम पाहुणा असतो. 'नॉन-इमिग्रंट बी' व्हिसा, त्यावर कामाचा परवाना, 2003च्या कायद्याने चालणाऱ्या शिक्षक परिषदेची, 'खुरुसफा'ची, मान्यता, दर 90 दिवसांनी पत्त्याची नोंद. परदेशी भाडेकरू राहायला आला की घरमालकाने 24 तासांत कळवायचे, तेही वेगळेच. परवाना नोकरीला बांधलेला, म्हणून शाळा सोडली की देशात राहण्याचा आधारच सुटतो. वर्षानुवर्षे शिकवणाऱ्यालाही पुढच्या वर्षाचा बेत आखताना आधी करार पुन्हा होईल ना, हे विचारावे लागते.

तरी हे नियम रांगेत उभे राहून पाळता येतात. खरी बोच जाहिरातींत आहे. इंग्रजीच्या शिक्षकांसाठीच्या कितीतरी जाहिरातींत 'नेटिव्ह स्पीकर' अशी अट असते आणि प्रत्यक्षात ती पासपोर्ट पाहून लावली जाते. ब्रिटिश, अमेरिकी, ऑस्ट्रेलियन असेल तर एक पगार, फिलिपिनो असेल तर दुसरा, कमी. शिक्षणशास्त्राची पदवी आणि वर्गातला अनुभव असलेली फिलिपिनो बाई शेजारच्या वर्गातल्या नवशिक्या तरुणापेक्षा कमी पगारावर राबते, आणि तिला ते ठाऊक असते.

फिलिपीन्समध्ये इंग्रजी आली तीही परदेशी शिक्षकांकडूनच. ऑगस्ट 1901मध्ये 'थॉमस' या जहाजातून सुमारे पाचशे अमेरिकी शिक्षक मनिलाला उतरले. गावोगावच्या शाळांतून ती भाषा रुजली आणि आज ती त्या देशाची एक अधिकृत भाषा आहे. त्या शाळांच्या परंपरेत शिकलेल्यांना बँकॉकमध्ये 'तुमची इंग्रजी अस्सल नाही' असे सांगितले जाते.

आपल्याला जन्मस्थान पाहूनच तोलले जाईल, ही धास्ती बँकॉकच्या सर्वांत प्रसिद्ध परदेशी शिक्षिकेलाही असावी. ॲना लिओनोवेन्स 1862मध्ये राजा मोंगकुटच्या राण्यांना आणि मुलांना इंग्रजी शिकवायला आली. 'द किंग अँड आय' या नाटक-चित्रपटांमुळे ती जगाला माहीत झाली; थायलंडमध्ये त्या चित्रपटावर बंदी आली. आपण वेल्समध्ये जन्मलो, वडील कॅप्टन होते, असे तिने आयुष्यभर सांगितले. प्रत्यक्षात तिचा जन्म 1831चा, अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा. वडील कंपनी सरकारच्या फौजेत सार्जंट होते आणि लेक जन्मण्याआधीच वारले. आजी भारतीय किंवा अँग्लो-इंडियन असावी, असे चरित्रकार मानतात. 1849मध्ये पुण्यात तिचे लग्न झाले. दहा वर्षांनी नवरा पेनांगला वारला आणि मुलांना वाढवण्यासाठी तिने शिकवणे पत्करले. नगरच्या छावणीतली पोर म्हणून तिला राजवाड्याचे दार उघडले असते का? ती 1915मध्ये गेली; खरी जन्मकथा उजेडात यायला 1970चे दशक उजाडावे लागले. तिला खोटारडी म्हणून मोकळे होणारे बरेच आहेत. ते अन्यायाचे वाटते. पदरी मुले असलेल्या विधवेने त्या काळच्या बाजारात खपेल तोच जन्म स्वतःला दिला. तिच्याकडे शिकलेला राजपुत्र चुलालोंगकोर्न 1868मध्ये गादीवर आला आणि त्याच्या कारकिर्दीत गुलामगिरी संपली. याचे श्रेय तिने आणि तिच्या चाहत्यांनी वाजवीपेक्षा जास्त घेतले हे खरे. पण शिक्षिका म्हणून तिची परीक्षा तिच्या शिकवण्यावरून व्हायला हवी.

आजच्या वर्गातही तेच. थाई भाषेत क्रियापद काळानुसार बदलत नाही. त्यामुळे 'काल मी जातो' अशा धर्तीची इंग्रजी वाक्ये मुलांच्या वहीत पानोपानी दिसतात. ही चूक कुठून येते हे दुसऱ्या भाषेतून इंग्रजीत आलेल्या शिक्षकाला पटकन कळू शकते, कारण तो स्वतः अशाच वाटेने आला आहे. शिक्षक परिषदेचा पूर्ण परवाना शिक्षणशास्त्राची पात्रता मागतो. शाळांनी पगार ठरवताना तोच कागद आधी उघडावा आणि पासपोर्ट इमिग्रेशनच्या खिडकीसाठी ठेवावा, एवढीच मागणी आहे.