प्रीतीचे माप



आपल्या मंडळ्यांतून परिचर्येच्या शिक्षणासाठी घर सोडून जाणाऱ्या मुलामुलींची परंपरा जुनी आहे. कोणी मिरजेस जाते, कोणी वेल्लोरला, तर कोणी थेट राजधानीत. दिल्लीत 1885 साली स्थापन झालेले सेंट स्टीफन्स रुग्णालय आहे. 1946 साली सुरू झालेले व पुढे राजकुमारी अमृत कौर यांचे नाव लाभलेले परिचर्या महाविद्यालय आहे. 1956 पासूनची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आहे. निरोपाच्या प्रार्थनासभेत पाळकसाहेब करुणेविषयी व सेवेच्या पाचारणाविषयी बोलतात. त्रैराशिकाविषयी कोणी बोलत नाही. परंतु वसतिगृहात पेटी ठेवून फार दिवस होत नाहीत तोच त्या मुलीपुढे येते ते त्रैराशिकच.

औषधाच्या मात्रेचे गणित दिसावयास सोपे असते. दहा किलो वजनाच्या बाळाला, दर किलोमागे 15 मिलिग्रॅम या हिशेबाने, 150 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल द्यावयाचे आहे. हाती असलेल्या सिरपच्या 5 मिलिलिटरमध्ये 125 मिलिग्रॅम औषध आहे, म्हणून 6 मिलिलिटर द्यावे. पण हेच औषध थेंबांच्या छोट्या बाटलीतही येते आणि तिच्या एकाच मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम असते. तेथे दीड मिलिलिटर पुरे. लेबल न वाचता त्या बाटलीतून 6 मिलिलिटर दिले, तर बाळाच्या पोटात चौपट औषध जाते. इन्सुलिनचेही तसेच. आपल्या देशात ते एका मिलिलिटरला 40 एकके आणि 100 एकके अशा दोन तीव्रतांत मिळते, व प्रत्येकीची सिरिंज वेगळी असते. चाळिसाच्या सिरिंजमध्ये शंभराचे इन्सुलिन वीसच्या खुणेपर्यंत भरले, तर रुग्णास वीस नव्हे, पन्नास एकके मिळतात. देणारीचा हात कितीही मायेचा असो, मात्रा अडीचपट होते ती होतेच.

चाचणीच्या आदल्या रात्री दशांश चिन्हाशी झगडणाऱ्या विद्यार्थिनीच्या मनात प्रश्न येतो : मी सेवा करावयास आले, गणित करावयास नव्हे. अंतःकरणात प्रीती असली म्हणजे पुरे नाही काय? हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. देव अंतःकरण पाहतो, असे आपणच तिला रविवारच्या शाळेपासून शिकवीत आलो आहोत.

याचे उत्तर शोधण्यासाठी लेवीयाचा एकोणिसावा अध्याय उघडा. शेजाऱ्यावर स्वतःप्रमाणे प्रीती करण्याची आज्ञा याच अध्यायात, अठराव्या वचनात आहे. चौतिसाव्या वचनात तीच प्रीती परदेशीयापर्यंत पोहोचते. आणि लगेच पुढे काय येते? तराजू, वजने, एफा आणि हिन! आपणास वाटते की विषय बदलला. तो बदललेला नाही. मूळ इब्री भाषेत या चारही मापांना ‘त्सेदेक’ हा एकच शब्द जोडलेला आहे, आणि देवाच्या धार्मिकतेसाठीही हाच शब्द येतो. परक्यावरील प्रीती कशी ओळखावी? आपल्या हातातील माप खरे आहे की नाही, यावरून.

भाषांतरकार ‘एफा’ शब्दाला टीप देतो : सुमारे 22 लिटर. तेवढ्याने वाचकाचे भागते, कोणाचे काही बिघडत नाही. परिचारिकेच्या शब्दकोशात मात्र ‘सुमारे’ हा शब्द नाही.

येथे दुसरी शंका उद्भवते. ब्रिटनच्या परिचर्या नियामक मंडळाने 2018 च्या मानकांत औषधांच्या गणिताच्या परीक्षेत उत्तीर्ण होण्यासाठी शंभर टक्के गुण आवश्यक केले आहेत. कृपेची सुवार्ता सांगणाऱ्यांनी असा कठोर नियम कसा मान्य करावा? वाचकहो, कृपा कोठे आहे ते नीट पाहू या. चूक जेथे केवळ कागदावर राहते, कोणाच्या रक्तात जात नाही, अशी जागा म्हणजे परीक्षा. तेथे नापास होणे ही सुद्धा एक दयाच आहे, कारण त्या दिवशी कोणासही इजा झालेली नसते. पुन्हा शिकविणे, पुन्हा बसू देणे, धीर देणे, ही कृपा. चुकीचे उत्तर बरोबर मानून पुढे ढकलणे ही कृपा नव्हे. ती दुसऱ्याच्या जिवावर केलेली उदारता होय.

म्हणूनच या परीक्षेतील नक्कल ही साधी लबाडी राहत नाही. शेजारणीच्या कागदावरून उत्तर उतरविता येते. पण रात्री दोन वाजता वॉर्डात सिरिंज भरताना ती शेजारीण नसते. असतो तो झोपलेला रुग्ण, ज्याने आपला हिशेब पूर्ण विश्वासाने दुसऱ्याच्या हाती सोपविलेला आहे.

आणि अचूकपणा म्हणजे गर्वही नव्हे. चांगल्या वॉर्डात जोखमीच्या औषधाची मात्रा दोघी जणी वेगवेगळी काढून ताडून पाहतात. यात अविश्वास नाही, नम्रता आहे. मीही चुकू शकते, याची ती रोजची कबुली आहे. एवढे करूनही चूक झालीच, तर ती तत्क्षणी सांगणे हेही त्याच प्रीतीचे काम, कारण लपविलेल्या चुकीवर उपचार करता येत नाही.

तेव्हा आपल्या मंडळीतील एखादी मुलगी दिल्लीस निघाली, तर तिच्यासाठी प्रार्थना करताना तिच्या गणिताचीही आठवण ठेवा. धाकट्या मुलांना अपूर्णांक शिकविणाऱ्या शिक्षकांचाही मान राखा. त्यांच्या हातून कोणाचे तरी प्राण वाचावयाचे आहेत. आणि मुली, तू वही उघडून बसशील तेव्हा आपण सेवेपासून दूर बसलो आहोत असे मानू नकोस. ज्याचे नावही तुला अजून ठाऊक नाही, त्या रुग्णाची सेवा तू तेथेच सुरू केलेली आहेस.